चिकाच्या पडद्याआडची दाद

“वर दुसरं कोण हाय? तीच की. मागं टाळ्या वाजवल्या, आता आवाज दिला.”

जिन्याच्या तळाशी कुणीतरी हे म्हणालं आणि दोघे-तिघे हसले. मी वरच्या दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी होते. दार वाऱ्याने आपटत होतं म्हणून ती कडी सकाळी मीच आतून लावली होती. आता ती काढायचा धीर होत नव्हता.

तुमच्या मासिकात येणारे असे अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात हसते. पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, डॉर्मिटरीत, मुली भुतांच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी पांघरूण ओढून झोपून जायची. भीतीने नव्हे... कंटाळा यायचा. तेव्हा हे लिहिताना मला थोडं अवघड वाटतं आहे.

लढाई चालू होती. वडील लष्करात डॉक्टर, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी. त्यांची पत्रं सेन्सॉरच्या काळ्या रेघा घेऊन यायची. आई मी लहान असतानाच गेली होती. शाळा संपली तशी मला सांगलीला मामांकडे आणून ठेवलं. मामा हळदीचे अडते. घर भरलेलं, माणसं चांगली, पण माझं मराठी पुस्तकी आणि बोलणं कमी. मामी हाक मारायच्या, “आमची मडम जेवली का गं?” सगळ्या हसायच्या, मीही हसायची. दिवसभरात माझं एवढंच बोलणं व्हायचं.

रविवारी सकाळी मात्र गाणं असायचं. मामांच्या ओळखीच्या एका वखारीच्या वरच्या मजल्यावर लांबलचक दालन होतं, तिथे गावातली गाण्याची शौकीन मंडळी जमायची. मिरजेहून, कधी धारवाडकडून गवई यायचे. पुरुष खाली सतरंजीवर. बायकांसाठी एका भिंतीला उंचावर लाकडी सज्जा, पुढे बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा, आणि मागच्या अंगणातून वेगळा जिना. सज्ज्याला दार एकच.

पहिल्याच रविवारी मी चूक केली. आमच्या शाळेत पियानो वाजवून संपला की टाळ्या वाजवायची पद्धत. गाणं थांबलं आणि मी टाळ्या वाजवल्या — एकटीनेच. खालचे सगळे वर बघू लागले. मग कळलं की इथे दाद गाण्याच्या मध्येच देतात, गाण्यातली सुरेख जागा आली की त्याच क्षणी, आणि तीही पुरुषांनीच. सज्ज्यातल्या बायका फक्त मान हलवतात. त्यानंतर मी हात पदरात गुंडाळून बसायची. तरी तिथे मला बरं वाटायचं. कुणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नव्हतं, आणि माझ्यासारख्याच गप्प बसलेल्या दहा-बारा बायकांत मी होते.

त्या रविवारी मात्र बायका नव्हत्या. एका लग्नासाठी सगळ्या कोल्हापूरला गेल्या होत्या, मामीसुद्धा. मी मामांना विचारलं, मी एकटी बसू का. “बस की,” म्हणाले, “पर गुमान.”

गाणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. किरकोळ, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मागे तंबोऱ्यावर गावातलेच एक मास्तर बसले होते. बाईंनी तोडी सुरू केली. एका सुराकडे त्या पुन्हा पुन्हा जात होत्या आणि हात लावायच्या आधीच परत फिरत होत्या. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण त्या काहीतरी टाळत आहेत एवढं मलाही कळलं. चौथ्या की पाचव्या वेळी त्या तिथे पोचल्या.

आणि माझ्या डाव्या बाजूने, हाताच्या अंतरावरून, एक बाईचा आवाज म्हणाला — “आली गं, अक्का... आली.”

आवाज मोठा नव्हता. शेजारणीशी बोलावं तसा. मी वळून पाहिलं. सतरंजी, तिच्यावर चिकातून पडलेल्या उन्हाच्या रेघा. बस्स.

खाली बाई थांबल्या. तबला दोन मात्रा पुढे गेला आणि थबकला. सगळ्यांनी माना वर केल्या. बाईंनी चिकाकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि तोच सूर इतका वेळ धरला की मास्तरांची बोटं तंबोऱ्यावर तशीच राहिली.

मला भीती वाटली नाही, हे खरं. वाईट वाटलं. इतक्या मायेने बोललेले शब्द माझ्या इतक्या जवळून गेले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नंतर एकदा मामांच्या मुनिमांना खाली बोलायला लावून मी सज्ज्यात बसून पाहिलं; खालचा आवाज वर येतो तो समोरून, शेजारून नाही. अंगणात त्या वेळी कुणी बाई नव्हती. माझ्याच तोंडून नकळत गेलं म्हणावं, तर बाईंना कुणी अक्का म्हणतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याला चार वर्षं झाली. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि भूत हा शब्द अजूनही मला पटत नाही.

गाणं संपलं, जिन्याच्या तळाशी ते बोलणं झालं, आणि शेवटी मी कडी काढली. मामा अर्ध्या जिन्यावर आले होते, तोंड लाल. एवढ्या मोठ्या बाईंना भर गाण्यात एकेरी हाक! हळू आवाजात म्हणाले, “मीच बोलले म्हणून कबूल हो. पाया पड, माफी माग. मग मी सांभाळून घेतो, पुढच्या रविवारी यायला बी मिळंल. न्हाईतर उद्याच उंब्रजला आत्याकडं.”

उंब्रजला गाणं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. मी मान हलवली.

खाली दालनात बाई तक्क्याला टेकून बसल्या होत्या. मी वाकले. मामा म्हणाले, “चुकलं पोरीचं. इंग्रजी शाळंतली हाय, रीत ठावं न्हाई.”

“रीत राहू द्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला तो सोडला नाही. म्हणाल्या, “माझी धाकटी बहीण तीस वर्षं माझ्या मागे तंबोऱ्यावर बसली. यंदाच्या माघात वारली. तो सूर लागला की मागून हेच बोलायची, मलाच ऐकू जाईल इतकं हळू. आज मला भास झाला असंच मी धरून चालले असते. पण तुम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तूच बोललीस का, बाळ? असलीस तरी मी रागावणार नाही. पण खरं सांग.”

मामा खाकरले. सगळं दालन माझ्याकडे बघत होतं. इतक्या माणसांत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“मी नाही, बाई,” मी म्हणाले. “पण मीही ऐकलं. अगदी माझ्या शेजारून.”