मुलुंडच्या वळणावरचा प्लग

सरहद्दीजवळच्या एका लहान वर्कशॉपवर माझी बदली झाली ती हिवाळा सुरू होताना. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. ट्रंकेत कपडे थोडे, पुस्तकं जास्त. पोहोचलो त्या संध्याकाळी एका ड्रायव्हरने ती उचलायला हात दिला आणि मराठीत विचारलं, “दगड भरलेत का रे?”

“पुस्तकं.”

“कुठला तू?”

“मुलुंड.”

“म्हणजे ठाण्याचा. मी मुंबईचा. घाटकोपर.”

हा नाईक मिलिंद जाधव. दुसऱ्या दिवशी माझ्या बाहीवरच्या तीन फिती पाहून त्याने कडक सॅल्यूटचा आव आणला आणि ‘उस्ताद’ म्हणू लागला. मीच नको म्हटलं. तिथे आम्हा दोघांखेरीज मराठी बोलणारं कोणी नव्हतं, आणि त्याचं ‘अरे सावंत’ ऐकलं की बरं वाटायचं.

वर्कशॉप दरीच्या तळाशी होतं. दारातूनच एक चढ सुरू व्हायचा. वर, डोंगराच्या आडोशाला, डॉक्टरांचा तंबू होता. मधल्या वळणांना मिलिंदने नावं दिली होती. खालचं घाटकोपर. मग विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर आणि माथ्यावरचं मुलुंड. “एवढ्या उंचीवर बसवलंय तुझं मुलुंड,” तो म्हणायचा, “आणखी काय पाहिजे?” पुढे वर्कशॉपचे सुभेदार साहेबही रेडिओवर हीच नावं वापरू लागले. ते पंजाबचे. त्यांच्या तोंडून ‘घाटकोपर’ ऐकताना आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत असू.

कांजूर ते भांडुप हा तुकडा समोरच्या डोंगरावरून उघडा दिसायचा. तिथून गाडी न्यायची तर धुक्यात किंवा अंधारात. उजेडात न्यायची वेळ आलीच, तर पूर्ण थ्रॉटलवर, अ‍ॅक्सिलरेटर पार दाबून, न थांबता.

तेव्हा आमच्या गाड्या पेट्रोलवर चालणाऱ्या, कार्बोरेटरच्या. उंचावर हवा विरळ. खालच्या मुलखात बरोबर बसवलेली गाडी इथे आली की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडायचं. इंजिन गुदमरायचं आणि मागून काळा धूर सोडायचं. ताकद जायची ते एक, आणि तो धूर मैलभरावरून दिसायचा ते दुसरं. उपाय म्हणजे कार्बोरेटरातला जेट बदलणं. जेट म्हणजे मधे बारीक भोक असलेला पितळी स्क्रू. भोक लहान, तर पेट्रोल कमी. पण फार कमी झालं तर इंजिन भाजतं आणि भर चढावर पिस्टन जातो.

गाडी उभी असताना हे कळत नाही. पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण ओझ्यावरच कळतं. म्हणून धुकं असलं की मिलिंद गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय पार खाली दाबून वर न्यायचा. मी शेजारी. मुलुंडचं वळण आलं की मी दारावर थाप मारायची. त्याच क्षणी त्याने इग्निशन बंद करून क्लच दाबायचा. इंजिन तिथल्या तिथे थांबायचं, आणि पुढे रस्ता किंचित उतरता असल्याने गाडी आवाज न करता डॉक्टरांच्या तंबूपर्यंत घरंगळायची. मग मी स्पार्क प्लग काढून रंग बघायचो. काळा, तर पेट्रोल जास्त. पांढरा, तर कमी. मधे बिस्किटी रंग आला की जमलं. इंजिन हळूहळू बंद केलं तर हा रंग पुसला जातो. भरात असतानाच तोडावं लागतं.

“कोरडं बिस्कीट नाही चालत,” मिलिंद सांगायचा. “चहात बुडवलेलं पाहिजे. हे तुझ्या पुस्तकात छापलंय का?”

छापलेलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी फॉरवर्ड पोस्टवर तोफगोळे पडले. शिपाई बिष्टच्या पोटात गोळ्याचं स्प्लिंटर गेलं. त्याला स्ट्रेचरवर खांद्यांवरून आमच्यापर्यंत आणलं, तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. सोबतच्या नर्सिंग असिस्टंटने सुभेदार साहेबांना सांगितलं, “अंधेरा होने तक नहीं टिकेगा.”

आमची जुनी अँब्युलन्स निकामी होऊन पडली होती. बदली गाडी खालच्या मुलखातून आदल्या रात्रीच आली होती. मी अजून तिला हात लावला नव्हता.

साहेबांनी विचारलं, “कितना टाइम?”

“जेट बदलता हूँ, साहब. अभी.”

स्टोअरच्या भिंतीआड मिलिंदने ब्रेक दाबून धरला आणि थ्रॉटल दिला. काळा लोट आला. मी एक माप लहान जेट बसवला. धूर पातळ झाला. आणखी लहान बसवला. धूर गेला, पण इंजिनात बारीक खडखड सुरू झाली. भाजण्याची खूण. मी त्या दोन्हींच्या मधला जेट बसवला. धूर नाही, खडखड नाही.

“झालं?” मिलिंदने विचारलं.

“उभ्या गाडीवर झालंय. चढावर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“मग चढावरच चाललोय ना. बघतो.”

मी शेजारी चढू लागलो. साहेबांनी थांबवलं. बिष्टच्या सलाइनची बाटली धरायला नर्सिंग असिस्टंट मागे हवाच होता. त्याहून एक माणूस जास्त धोक्यात घालायचं कारण नव्हतं. मिलिंद म्हणाला, “थाप कोण मारणार रे आता?” आणि गाडी निघाली.

मी रेडिओपाशी उभा राहिलो.

“विक्रोळी. ओढ झकास. ओव्हर.”

“धूर? ओव्हर.”

“नाही. कांजूर. पाय खाली. ओव्हर.”

इंजिनाचा आवाज दरीत एकसारखा घुमत होता. मी फक्त तोच ऐकत होतो. मग पहिला गोळा पडला, वरच्या बाजूला. दुसरा रस्त्याच्या जवळ. धूळ उठली. आवाज मात्र तसाच चालू होता.

“मिलिंद, बोल. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

“भांडुप,” तो म्हणाला. ‘ओव्हर’ म्हणाला नाही.

मग नाहूर. त्याचा आवाज बारीक झाला होता. मग, “मुलुंड.” आणि इंजिनाचा आवाज एकदम तुटला.

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिन गेलं असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. मधला जेटही लहानच ठरला आणि पिस्टन गेला, अशी माझी खात्री झाली. मग वरून डॉक्टरांच्या सेटवरून निरोप आला. गाडी पोहोचली. बिष्ट टेबलावर. ड्रायव्हर जखमी.

धुकं उतरल्यावर मी वर चालत गेलो. तोवर मिलिंद गेला होता. स्प्लिंटर बरगडीखालून आत शिरलं होतं. बिष्ट वाचला.

नर्सिंग असिस्टंट मला म्हणाला, “मोड़ पर उसने इंजन बंद किया. मैं चिल्लाया, बंद क्यों किया? वो बोला, सावंत को प्लग देखना है.”

अँब्युलन्स तंबूशेजारी तशीच उभी होती. मी बॉनेट उघडलं आणि प्लग काढला. जेट बरोबर होता.

आता मी मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांमध्ये हवा आणि पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर ठरवतो. कोणाला काही ऐकावं लागत नाही.

तो प्लग मी मिलिंदच्या पत्नीला, रेखावहिनींना, दिला होता. दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी मी घाटकोपरला जातो. बुद्धवंदना होते, मग चहा. प्लग शोकेसमध्ये, त्याच्या मेडलशेजारी असतो. यंदा तो नव्यासारखा चकाकत होता.

“मेडलबरोबर त्यालाही पॉलिश केलं,” वहिनी म्हणाल्या. “फार कळकट दिसत होता.”

मी प्लग हातात घेतला. टोक पांढरंशुभ्र होतं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “भाऊजी, चुकलं का काही?”

“नाही, वहिनी.”

“खरं सांगा ना.”

मग मी सांगितलं. रंगाचं, थापेचं, मुलुंडच्या वळणाचं. मिलिंद शेवटी काय म्हणाला तेही. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.  मग त्यांनी विचारलं, “कसा होता रंग?”

मी बशीतलं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

“असा.”

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं.