डबा रिकामा येऊ नये

साल दोन हजार सहा. मला बावन्न पूर्ण झाली होती आणि बावन्न वर्षांत मी कोणापुढं मान खाली घातली नव्हती. त्या पावसाळ्यात मात्र रोज संध्याकाळी दुसरबीडच्या फाट्यावर एका एसटी कंडक्टरच्या तोंडाकडं मी निकाल ऐकायला आल्यासारखा बघत उभा राहायचो. गाडी थांबली की हा माणूस दारात यायचा, परत आलेल्या डब्यांतला एकेक डबा उचलून कानाशी धरायचा, दोनदा हलवायचा आणि मग तो डबा मायबापाच्या हातात देताना सांगायचा, "जेवला तुमचा. चोख जेवला." नाहीतर, "अर्धी भाकर हाये आत. पोट दुखत असंन, नाहीतर घर आठोत असंन." झाकण काही उघडलेलं नसायचं. घरी जाऊन उघडावं तर अर्धी भाकर निघायचीच. म्हणून सगळे त्यांना कानवाले म्हणायचे. खरं नाव त्यांच्या बिल्ल्यावर असेल. चौथी शिकलेला माणूस मी, बिल्ले वाचत बसत नाही.

डब्याची रीत अशी होती. आमच्या भागातली पोरं शिकायला औरंगाबादला. सकाळी साडेसातला मेहकरची गाडी फाट्यावर यायची, तिच्यात मायबापांनी डबे द्यायचे. अकराला गाडी तिकडं पोचायची. पोरं स्टँडवर येऊन डबा न्यायची, जेवायची, आणि गाडी परत निघायच्या आत रिकामा डबा आणून द्यायची. कानवाले ह्याचा चहासुद्धा घेत नसत. डब्यांना त्यांनी पुढची एक जागा ठरवून दिली होती. कोणी तिथं टेकला की म्हणायचे, "उठा पाहुणे, डब्यालेबी शीट लागते. पोरायचं जेवन हाये ते." एकदा एका पुढाऱ्याला त्यांनी असं उठवलं होतं. तो डोळे वटारून दुसरबीडपासून जालन्यापर्यंत उभा गेला.

माझी रेखा त्या साली विद्यापीठात गेली. होतं ते कॉलेजच, पण मी सगळ्यांना विद्यापीठ म्हणूनच सांगायचो. गावात म्हणत होते, पोरीची जात, इथंच शिकव, नाहीतर उजवून टाक. ते म्हणाले म्हणूनच मी पाठवली. वसतिगृहात मेस होती, तरी आमची पोर आमच्याच ज्वारीची भाकर खाईल हाही माझाच हट्ट. जायच्या दिवशी फाट्यावर माणसं जमली होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी पोरीला म्हणालो, "पदवी घेतल्याबिगर वापस यायचं नाही. आलीस तर हे घर तुझं नाही." छाती फुगली माझी. रेखा खिडकीतून बघत होती. कानवाल्यांनी तिचं तिकीट फाडलं आणि मला हळूच म्हणाले, "भाऊ, जान्याचं तिकीट मी देतो. येन्याचं मायबापानं द्या लागते."

मला राग आला. कंडक्टरनं तिकिटं फाडावीत, शहाणपण शिकवू नये.

माणूस मात्र स्वच्छ. खाकी शर्टाला डाग दिसायचा नाही. कोणाच्या डब्यातून रस्सा सांडला तर स्टँडवरच्या नळाला तो डबा स्वतः घासून, फडक्यानं पुसून आणायचे. त्यांचा स्वतःचा डबा नव्हता. बायको वारलेली, घरी डबा बांधणारं कोणी नाही. दुपारी मुरमुरे खायचे. नव्यानं पोर पाठवलेली माणसं रोज काही ना काही विचारायची, पोरगं बारीक दिसतं का, रडतं का. त्यांना ते एकच सांगायचे, "सरकी उगवली म्हनून जगली असं नसते. चार पानं होईस्तोर जपा. पहिले तीन आठवडे जड असतात."

आमच्या घरात त्या तीन आठवड्यांत दुसरंही भ्या होतं. पहिल्यांदाच बीटी कपाशीचं बियाणं लावलं होतं. अळी येणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि अळी आलीही नाही. पण तुडतुड्यांनी पानं वाकडी केली, पावसानं ओढ दिली, आणि दर चार दिवसांनी कुठल्यातरी गावाची बातमी यायची. गाव तेवढं बदलायचं, बातमी तीच. रेखाच्या मायनं फवारणीच्या औषधाची बाटली घरातून गोठ्यात नेली. मग गोठ्यातूनही हलवली. फवारणीच्या दिवशी मी बाटली मागितली तेव्हा ती मोजून ओतून घेऊन आली.

मी ओरडलो, "मी काय तसा मानूस हाये का?"

ती म्हणाली, "तसा कोनीच नसते, आधी."

त्या दिवसापासून घरात कोणी जरा गप्प बसलं तरी दुसरं त्याच्याकडं बघायचं.

आता रेखाच्या मायची एक सवय सांगितली पाहिजे. शेजारणीचं भांडं ती कधी रिकामं परत करत नाही. चिमूटभर का होईना, साखर घालते. पोरीलाही तेच लागलेलं. रेखाचा डबा यायचा तो धुतलेला आणि आत चिमूटभर साखर. कधी बडीशेप, एकदा झेंडूचं फूल. तिची माय चुलीपुढं बसून डबा उघडायची, साखर बोटाला लावून चाटायची आणि मगच पुढच्या कामाला लागायची. कानवाल्यांना ह्याचा पत्ता नव्हता. चिमूटभर साखर वाजत नाही.

रेखा जाऊन दोन आठवडे झाले. रविवारी संध्याकाळी कानवाल्यांनी डबा हलवला. "चोख," म्हणाले. घरी तिच्या मायनं झाकण काढलं आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?"

"रिकामा हाये."

"मंग? जेवली पोरगी. भरलेला पायजे होता का तुले?"

सोमवारी डबा रिकामा. मंगळवारी तिनं डब्याच्या तळावरून, कडीच्या खाचेतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा रेखाच्या हातचा धुतलेला नाही. रेखा कडी खोलून नाही धुत. कोनीतरी कडी खोलून घासला." मी तिला वेडी म्हणालो. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. पंप पाठीवर होता, नळी हातात होती, आणि मी एकाच झाडावर औषध मारत उभा होतो. पोरगी नसेल तर डबा कोण खातंय? आणि पोरगी नसेल म्हणजे काय? हा पुढचा प्रश्न मनात आला की मी पंपाचा दांडा जोरात हाणायचो. वसतिगृहाचा फोन नंबर माझ्याकडं नव्हता. जाताना पोरीनं चिठ्ठीवर लिहून पुढं केला होता. "कायले पायजे?" म्हणून मीच घेतला नव्हता.

बुधवारी चौथा रिकामा डबा कानवाल्यांनी माझ्या हातात ठेवला. "चोख," म्हणाले, पण माझ्याकडं न बघता.

मी म्हणालो, "कंडक्टर, डबा रिकामा येऊन राह्यला."

ते हसले. "जेवल्यावर रिकामाच येईन ना भाऊ."

"माही पोरगी रिकामा देत नाही. साखर घालते."

त्यांचं हसू तिथंच राहिलं. ड्रायव्हरला "पाच मिनिटं" म्हणून ते खाली उतरले आणि मला लिंबाखाली घेऊन गेले.

"चार दिवस झाले," ते म्हणाले, "ती स्टँडवर येऊनच नाही राह्यली."

"मंग डबा?"

"म्या खाल्ला. अन्न फेकवत नाही मले. धुऊन आनला."

मी त्यांची गचांडी धरली. माझे हात मातीचे होते, त्या शर्टावर दोन्ही पंजे उमटले. त्यांनी माझा हात काढला नाही. म्हणाले, "जित्ती हाये. आधी ते ऐका. धड हाये. मी रोज दुपारी तिच्या वसतिगृहावर जातो. गेटाच्या जाळीपाशी येते ती. डबा पुढं केला तर हात मांगं घेते."

"काऊन?"

"म्हनते, काका, गाडी पाहिली की मले चढावंसं वाटते. घरची भाकर खाल्ली तर राहवनारच नाही. अन चढली तर बाबा घरात घेनार नाहीत. मंग मी जाऊ कुठं?"

मी त्यांचा शर्ट सोडला.

"अभ्यास सारा इंग्रजीत. समजत नाही, अन कोनाले सांगता येत नाही. खोलीत बसून राह्यते. मेसमंधी दोन घास खाते म्हनते, पन तोंडाकडं पाहून खरं वाटत नाही भाऊ. मलेबी भेव वाटून राह्यलं."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी पहिल्या गाडीनं जाऊन तिले घेऊन आले असते." शर्टावरची माती ते नखानं खरवडायला लागले. "म्या तेच केलं होतं. माह्या पोरीचे तीन डबे भरलेले वापस आले. तिसऱ्या दिवशी गेलो अन घेऊनच आलो. त्याच हिवाळ्यात लगन लावून देलं. आता जातो मी तिच्याकडं. पानी देते अन आत निघून जाते."

गाडीत माणसं ओरडायला लागली होती. कानवाले दोन पावलं गेले आणि वळले. "तुमी नोका जाऊ. येन्याचं तिकीट तेवढं द्या."

घरी मी सगळं सांगितलं. रेखाची माय रडली नाही. पोरीच्या जुन्या वहीतलं एक पान आणि पेन्सिल माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "बोलले तुमी होते. लिहा बी तुमीच." चार ओळी लिहायला मला नांगरणीपेक्षा जास्त घाम आला. लिहिलं ते असं: रेखा, यावं वाटलं तर ये. कधी पण ये. मी बोललो ते चुकलो. घर तुझंच आहे. जेव. 'चुकलो' हा शब्द मी दोनदा खोडला होता. तिसऱ्यांदा ठेवला.

गुरुवारी सकाळी चिठ्ठी भाकरीवर ठेवून झाकण लावलं. कानवाल्यांना म्हणालो, "हात मांगं घेतला तर सांगा, बापानं लिहिलं हाये." डबा त्यांनी त्या दिवशी सीटवर ठेवला नाही, काखेत धरला.

तो दिवस जाता जाईना. चार वाजल्यापासून मी फाट्यावर होतो. गाडी सहाला येणार. ती गाडीतून उतरावी असं वाटायचं आणि उतरू नये असंही. तिच्या मायला मी यायला नको म्हणालो होतो. ती आलीच, आणि माझ्यापासून दहा हात लांब उभी राहिली. गाडी आली. मी खिडक्या बघितल्या, एकेक. माणसं उतरली, एक म्हातारी उतरली, खताच्या पिशव्या उतरल्या. रेखा उतरली नाही. सगळ्यांच्या मागून कानवाले आले. हातात डबा होता, पण तो कानाशी गेला नाही.

"आज मी नाही हलवत," म्हणाले. "तुमीच उघडा."

माझ्यानं झाकण निघेना. रेखाच्या मायनं हिसकून घेतलं आणि काढलं. आत डबा धुतलेला नव्हता. भाकरीचा चुरा होता, कडेला ठेचा लागलेला होता, आणि मधोमध चिमूटभर साखर. ओल्यानं अर्धी विरघळलेली.

"गेटावर उभ्यानं खाल्लं," कानवाले म्हणाले. "चिठ्ठी वाचली, अन खाली बसून घेतलं, अन मंग उठून खाल्लं. मी डबा घेऊन निघालो तं म्हने, थांबा काका. पळत आत गेली. मले वाटलं, झालं, पिशवी आनायले गेली. आता हिले गाडीत बसवा लागते. म्या तं तिचं तिकीटबी मनात फाडलं होतं. अन ही आली मूठ झाकून."

रेखाच्या मायनं बोटाला साखर लावली. चाटली नाही.

दिवाळीला रेखा आली आणि दिवाळीनंतर आपल्या पायानं परत गेली. तीन वर्षांत डबा एकदाही रिकामा आला नाही. आज ती जालन्याला पोरींना शिकवते. वाटलं की येते, मी विचारत नाही काऊन आलीस. कानवाले निवृत्त झाले तेव्हा फाट्यावर बारा गावची माणसं आली होती. ते गेले ती बातमी मला त्याच फाट्यावर कळली, दुसऱ्याच कोणा कंडक्टरकडून. डब्यांच्या त्या सीटवर त्या दिवशी एक तरणा माणूस मोबाइल बघत बसला होता. मी त्याला उठ म्हणालो. तो उठलाही.

मला आज सांगायचं होतं ते त्या साखरेच्या दुसऱ्या दिवसाचं. शुक्रवारी पहाटे मी रेखाच्या मायला म्हणालो, दोन भाकरी जास्त टाक. तिनं कोणासाठी म्हणून विचारलं नाही. साडेसातला गाडी आली तेव्हा माझ्या हातात दोन डबे होते.

"हा दुसरा कोनाचा?" कानवाल्यांनी विचारलं. शर्टावर माझ्या पंजाची पुसट खूण अजून होती.

"तुमचा."

"मले कोन डबा देते भाऊ?"

"ठेचा तिखट हाये," मी म्हणालो. "अन वापस देताना रिकामा देऊ नका."

त्यांनी सवयीनं तो डबा कानाशी नेला आणि हलवला. गच्च भरलेला होता, वाजला नाही. तरी बराच वेळ ते कान लावून उभे होते. मग माझ्या पोरीच्या डब्याशेजारी त्यांनी तो ठेवला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली.