आडनाव जुळत नाही, बाद

माझ्या यादीत चूक होत नाही. नॉर्वेतलं चुकीचं शेत मी यादी करूनच शोधलं होतं.

सुरुवात झाली ती आमच्या व्याह्यांच्या दगडापासून. व्याही म्हणजे हॅरॉल्ड हाउगेन, माझ्या केतकीचे सासरे. वय ऐंशीला टेकलेलं, राहणार विस्कॉन्सिन. बायको गेल्यापासून महिन्यातला एक शनिवार-रविवार ते आमच्याकडे, शेजारच्या राज्यात, नेपरव्हिलला येतात. बोलतात फार कमी. माझी पुरणपोळी खाऊन ते "वाईट नाही" एवढंच म्हणाले, तेव्हा मी दोन दिवस धुमसत होते. शेवटी जावयाने, म्हणजे एरिकने, समजूत काढली. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवरीला पाहून डॅड एवढंच म्हणाले होते म्हणे!

तर एका रविवारी हॅरॉल्डनी कापडी पिशवीतून एक दगड काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. नारळाएवढा, करड्या रंगाचा.

"आजोबांचा," ते म्हणाले.

त्यांचे आजोबा ओले तरुणपणी नॉर्वेहून आले आणि विस्कॉन्सिनात शेती करू लागले. तिथली जमीन दर हिवाळ्यानंतर नवे दगड वर ढकलते. ते वेचल्याशिवाय नांगर चालत नाही. आजोबांनी जन्मभर दगड वेचले आणि जाताना सांगून गेले, "तिकडेही हेच करत होतो. यातला एक कुणीतरी परत तिकडे घरी नेऊन ठेवा." हॅरॉल्डच्या वडिलांना ते जमलं नाही. आता हॅरॉल्डच्या गुडघ्यांनीही निर्वाणीचा इशारा दिला होता. या उन्हाळ्यात गेले तर गेले, नाहीतर दगड राहिलाच.

"पण घर कुठलं, तेच ठाऊक नाही," ते म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (मी तोवर पेन शोधायला उठलेही होते.)

पहिल्याच संध्याकाळी मला कळलं, की नॉर्वेत पूर्वी माणसाच्या नावामागे त्याच्या शेताचं नाव लावायचे. मला इतका आनंद झाला, की मी चहा उतू घालवला.

"अहो, हे तर आपल्यासारखंच!" मी अविनाशना म्हणाले. "ओले हान्सेन हाउगेन. ओले हे स्वतःचं नाव, हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा, आणि हाउगेन हे गाव. आपण वडगावकर, आपलं मूळ वडगाव. ते हाउगेन, त्यांचं मूळ हाउगेन. संपलं!"

"हाउगेन म्हणजे काय?"

"टेकडी."

"नॉर्वेत टेकड्या किती असतील? महाराष्ट्रात वडगावं किती आहेत, माहितीये ना?"

"आपलं कुठलं ते आपल्याला माहितीये ना? मग झालं!"

आणि ते खरंच होतं. केतकीच्या लग्नासाठी हॅरॉल्ड भारतात आले, तेव्हा भर मे महिन्यात पाच तास बसमध्ये बसवून मी त्यांना वडगाव दाखवलं होतं. वेशीपाशी उभं करून सांगितलं होतं, "ही आमची मुळं." हॅरॉल्डनी टोपी काढून मान झुकवली, "वाईट नाही" म्हणाले आणि वेशीतला एक खडा उचलून गंभीरपणे माझ्या हातात ठेवला. तो आजही आमच्या शोकेसमध्ये आहे. खाली चिठ्ठी आहे: 'वडगाव. मूळ गाव.'

मी एक्सेल उघडलं. तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या आता इंटरनेटवर दिसतात. जन्म, लग्नं, मृत्यू, आणि गाव सोडून अमेरिकेला कोण गेलं तेसुद्धा. तीन आठवड्यांत माझ्याकडे ओले हान्सेन नावाची त्रेसष्ट माणसं जमली. (त्या काळात मुलाचं नाव ठरवायला त्यांना फार वेळ लागत नसावा.) मी एकेकाला चाळणी लावली. एक्केचाळिसाव्या ओळीतल्या ओलेची जन्मतारीख जुळत होती, वडिलांचं नाव जुळत होतं, आईचंही जुळत होतं. पण आडनाव होतं विक. मी लाल रंगात लिहिलं: 'आडनाव जुळत नाही. बाद.'

आणि मग सापडला! अमेरिकेला निघालेल्यांच्या यादीत, स्पष्ट अक्षरात: ओले हान्सेन हाउगेन. त्याच्या जन्माची नोंद त्या शेतावर सापडेना, हे खरं. पण ते पान उंदरांनी खाल्लं असणार, असा मी निर्णय दिला.

हॅरॉल्डना फोटो दाखवला. टेकडी, टेकडीवर लाल कोठार, मागे जंगल.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आजोबा पाण्याबद्दल बोलायचे. दारातून होडी दिसायची म्हणायचे."

"हॅरॉल्ड," मी प्रेमाने म्हणाले, "आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"ठीक आहे," हॅरॉल्ड म्हणाले.

इथून पुढे माझ्या कामाला वेग आला. विमानाची तिकिटं काढली. टेकडीच्या पायथ्याशी, रद्द न होणारं, चार खोल्यांचं लाकडी घर भाड्याने घेतलं. 'हाउगेन घराण्याचं मूळस्थान' अशी इंग्रजीत पितळी पाटी करून घेतली. शेताच्या मालकीणबाईंना पत्र पाठवलं. त्यांचं नाव सिग्रिड. त्यांनी लगेच कळवलं, "जरूर या, कॉफी ठेवते."

आता पहिल्यांदाच कुणाच्या घरी जायचं, तेही व्याह्यांच्या मूळ घरी, तर आधी काही पाठवायला नको? मी अविनाशना घेऊन डेव्हन ॲव्हेन्यूच्या भारतीय बाजारात गेले. पार्किंग मिळवायला चाळीस मिनिटं, शाल घ्यायला दहा. जरीकाठी शाल, चांदीचा करंडा आणि घरच्या चकल्या असं पार्सल रवाना झालं.

"आई, ती तुझी विहीण नाहीये," केतकी म्हणाली. "शी इज अ रँडम फार्मर!"

"तिच्या घराला आपण मूळस्थान म्हणतोय. रँडम कशी?"

निघायच्या तीन आठवडे आधी व्हिडिओ कॉल ठरला. हॅरॉल्ड इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दगड पिशवीतून काढून त्यांनी मांडीवर घेतला होता, लहान मूल फोटोसाठी घेऊन बसावं तसा. स्क्रीनवर सिग्रिडबाई उगवल्या. जाडजूड स्वेटर, आणि त्यावर आमची जरीकाठी शाल! चकल्या कस्टमवाल्यांनी ठेवून घेतल्या होत्या, पण शाल पोचली होती.

त्यांनी फोन हातात घेऊन अंगण दाखवलं, कोठार दाखवलं, टेकडी दाखवली. हॅरॉल्ड स्क्रीनकडे वाकले.

"पाणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पाणी?" सिग्रिडबाई थांबल्या. "इथे पाणी नाही. पाणी खाली, विक नावाच्या शेतावर."

विक हे नाव मी लाल रंगात लिहिलं होतं.

सिग्रिडबाईंनी एक जाड पुस्तक आणलं. त्यांच्या भागात असं पुस्तक असतं म्हणे. कुठल्या शेतावर कधी कोण राहिलं, सगळं त्यात. त्यांनी बोट ठेवून वाचलं. "ओले हान्सेन. आमच्याकडे गडी होता. दीड वर्ष. इथूनच अमेरिकेला गेला, म्हणून नाव हाउगेन लागलं. माणूस शेत बदलायचा, की नाव बदलायचं. जन्म... जन्म विकचा."

"आई," एरिकने हळूच विचारलं, "रो फॉर्टी वन?"

मी हॅरॉल्डकडे पाहिलं. त्यांनी दगड उचलला आणि परत पिशवीत ठेवला. पिशवीचे बंद बांधले. दोनदा.

"ठीक आहे," ते म्हणाले.

तोवर हा शब्द मला संमतीचा वाटायचा. या माणसाला फोटो पाहताक्षणीच कळलं होतं आणि मी त्याला पुराव्याची व्याख्या शिकवली होती. आणखी तीन आठवड्यांनी त्याने तो दगड, साठ वर्षं जपलेला, निमूटपणे परक्याच्या अंगणात ठेवला असता. केवळ मी पाटी करून घेतली होती म्हणून!

मी सगळ्यांसमोर एक्केचाळिसावी ओळ उघडली आणि लाल रंग पुसला.

जूनमध्ये आम्ही विकच्या शेतावर गेलो. सिग्रिडबाईच आम्हाला टेकडीवरून गाडीने घेऊन गेल्या, शाल पांघरून. (आहेर घेतला म्हणजे नातं आलंच, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.) विकचं घर पडलेलं होतं, पण बांधाची भिंत उभी होती आणि दाराच्या जागेवरून खरंच पाणी दिसत होतं. होडीसुद्धा होती. हॅरॉल्डनी भिंतीतली एक रिकामी खाच शोधली आणि दगड बसवला. टोपी काढून ते बराच वेळ उभे राहिले. मी ओळीत सगळ्यात मागे, पाटी पर्समध्ये लपवून उभी होते.

"वाईट नाही," हॅरॉल्ड म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता.

परत आल्यावर मी नाशिकला नलूआत्यांना फोन केला. नलूआत्या म्हणजे अविनाशच्या आत्या, वय अठ्ठ्याऐंशी, स्मरणशक्ती तिखट. फोन स्पीकरवर होता. अविनाश आणि हॅरॉल्ड समोर चहा पीत होते. मी सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "बघा ना आत्या, दीड वर्ष राहिला आणि तिथलंच नाव लावून बसला! आपलं बरं. वडगावकर म्हणजे वडगावचेच."

"कोण वडगावचे?" आत्या म्हणाल्या.

"आपण."

"छे गं नीले! आपण मूळचे भोर्डीचे. वडगाव हे तुझ्या आजेसासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या बाबांच्या, मामाचं गाव. शाळेसाठी ठेवलं होतं त्यांना तिथे. मास्तरांनी गाव विचारलं, पोराने वडगाव सांगितलं, मास्तरांनी वडगावकर लिहून टाकलं. दोन वर्षांत नापास होऊन परत आले."

"आत्या, आजवर कुणी बोललं कसं नाही?"

"विचारलं कुणी?"

अविनाशनी चहाचा कप तोंडासमोर धरला, पण खांदे हलत होते. मग त्यांनी हॅरॉल्डना सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही तपशील न गाळता. हॅरॉल्डनी शांतपणे ऐकून घेतलं. उठले. गुडघे सावरत शोकेसपाशी गेले, वडगावचा खडा बाहेर काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"नीला," ते म्हणाले, "हा कधी परत न्यायचा?"

मी लॅपटॉप उघडला. यादीच्या तळाशी, चौसष्टाव्या ओळीत, लाल रंगात लिहिलं: 'वडगावकर, नेपरव्हिल. आडनाव जुळतं. बाद.'