गुरुवारचा ब्राउझर

चहा आधी संपवा. माझा गाढवपणा ऐकताना मध्येच हसाल आणि ठसका लागेल, मग मला बोल नको.

तेव्हा वसईत घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते. आमच्याकडेही आला. सून मोनिका अंधेरीच्या ऑफिसात कामाला. तिने त्यात इंटरनेट बघायचा नवा ब्राउझर घातला. मी विचारलं, "केवढ्याला पडला?"

"फुकट, बाबा. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलाय. आतलं इंजिन सगळ्यांना उघडं. कुणीही दुरुस्त करावं, त्यावर आपला वेगळा ब्राउझर बांधावा. पास्कूकाकांकडचा दिसायला वेगळा, पण आत इंजिन हेच."

आता इंजिन म्हणजे डिझेलचं नव्हे, एवढं मलाही कळलं. पण एकच वस्तू, मालक कुणी नाही, घेणारे सगळे! अहो, आमचं बावखल दुसरं काय आहे? वाडीतलं तळं ते. त्याच्यावर केळी माझ्याही जगतात आणि माझा चुलतभाऊ पास्कू, त्याच्याही. म्हणून तर वार ठरलेत. मंगळवार-शनिवार पाणी माझं, सोमवार-गुरुवार त्याचं.

त्या वारांचं आम्हाला भारी महत्त्व. मागच्या उन्हाळ्यात मी तापाने पडलो, मंगळवारी पंप लावला नाही, तर पास्कूने आपला लावला. मी गोधडी पांघरून बांधावर गेलो आणि ओरडलो, "वापरला नाही म्हणून वार जातो का रे?" तेव्हापासून बोलणं बेताचंच.

तर नातीचा, ज्युलीचा, बारावीचा निकाल. दुपारी इंटरनेटवर लागणार. मोनिकाने रजा काढलेली. पोरगी सकाळपासून जेवलेली नाही, हातात जपमाळ. वेळ झाली आणि पान काही उघडेना! नुसतं गोल गोल फिरतंय. अर्धा तास झाला. ज्युली रडायला लागली.

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गुरुवार!

आता सांगा, पास्कूच्या वाराला आपल्याला कसं मिळणार? तो तिकडे ओढत असणार, इकडे कोरडं. मी चपला घातल्या आणि हळूहळू बांध ओलांडला.

पास्कू ओटीवर केळीची पानं कापत बसला होता.

"पास्कू, तुझा ब्राउझर जरा बंद करतोस? ज्युलीचा निकाल अडलाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवली.

"आज गुरुवार," तो म्हणाला.

"ठाऊक आहे रे. म्हणून तर आलो."

"माझा वार मी सोडायचा. मग मला काय?"

मे महिना, बावखल तळाला गेलेलं. पण पोरीचे डोळे आठवले. म्हटलं, "मंगळवार घे."

"एक?"

"दोन."

"पाऊस पडेपर्यंतचे सगळे."

"घे बाबा, पण बंद कर!"

पास्कू उठून आत गेला. खट्ट असा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाला, "केलं बंद. जा."

मी बांधावर पोचतोय तोच आमच्या घरातून किंकाळी, "आजोबा, फर्स्ट क्लास!"

मी पायरीवरच बसलो. म्हटलं, "बाय, पास्कूआजोबाचे उपकार मान. त्याने वार सोडला."

मोनिकाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी निकाल बघत होता, म्हणून पान अडलं. आपला ब्राउझर आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यांचा त्यांच्या. जगाने घेतला तरी तो आटत नाही!"

बरं, आटत नाही तर नाही. संध्याकाळी केक घेऊन पास्कूकडे गेलो. कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण, वर मदर मेरीची मूर्ती. त्याची बायको म्हणाली, "आमचा फोन आठ दिवस मेलाय. फोनच्या तारेशिवाय इंटरनेट कुठलं आलंय?"

मी पास्कूकडे वळलो. "मग दुपारी तू बंद काय केलंस?"

"पंखा," केक खात पास्कू म्हणाला.

"अरे चोरा! तू वापरतच नव्हतास!"

त्याने बोटं चाटली, शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "वापरला नाही म्हणून वार जातो का रे?"

वाक्य माझंच होतं.

त्या उन्हाळ्यात पास्कूची केळी काय पोसली म्हणता! ब्राउझर अख्ख्या जगाला फुकट मिळाला. मला तेवढा सगळ्या मंगळवारांच्या किमतीला पडला.