पकडीचा तुटका दात

किल्ली कापायची मशीन घेतली तेव्हा विकणाऱ्याने एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा बजावली होती. किल्ली हलता कामा नये. एका पकडीत गिऱ्हाइकाची किल्ली, शेजारच्या पकडीत कोरी, दोन्हींचे खांदे एका रेषेत, आणि मग दोन्ही पकडी घट्ट आवळायच्या. केसाएवढी जरी सरकली तरी नवी किल्ली कुलपात जाते आणि फिरत नाही. गिऱ्हाईक परत येतं आणि शेजारच्या दुकानदारांसमोर आपली लाज काढतं.

मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. स्वभावच तसा आहे. कुणी एक सांगितलं की मी दीड करतो. एकदा एका तिजोरीची पोलादी किल्ली मी इतकी आवळली की पकडीचाच कपचा उडाला. पकडीला आतून बारीक दाते असतात, त्यातला एक गेला. काम काही अडलं नाही, म्हणून पकड बदलायची राहूनच गेली. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या पितळी किल्लीच्या अंगावर बारीक रेघांची ओळ उठते, आणि त्या ओळीत एका जागी रेघ नसते. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. मला दिसतं, कारण दिवसभर मी दुसरं काही बघतच नाही.

माझं दुकान सांगलीत, एसटी स्टँडच्या बाजूला. एका अंगाला झेरॉक्सवाला, दुसऱ्या अंगाला घड्याळं दुरुस्त करणारा, आणि मधल्या फटीत मी. गाव कऱ्हाडच्या पुढं, सातारा जिल्ह्यात. गावाकडची शेती थोरला भाऊ बघतो. त्याला मी दादा म्हणतो. वर्षाचा गूळ, तांदूळ आणि हळद तो मला न मागता पोचवतो, त्यामुळे शेतीबद्दल मी कधी तोंड उघडत नाही. भावकीत मला 'किल्लीवाला' म्हणतात. मला ते आवडायचं. कुणाची कपाटाची किल्ली हरवली, कुणाची गाडी लॉक झाली, की पहिला फोन मला येई आणि मी डॉक्टरासारखा आधी चार प्रश्न विचारून मग उत्तर देई.

आमची विहीर सामाईक आहे. अर्धी आमची, अर्धी चुलतभावाची. हा चुलतभाऊ माझ्याहून मोठा. तो मिलिटरीत आहे, सुट्टीला येतो तेवढाच, त्याच्या वाट्याची शेती वहिनी एकटीने करते. मोटार एक, स्टार्टरची लोखंडी पेटी एक, तिला कुलूप एक. ज्याची पाण्याची पाळी त्याच्याकडे किल्ली. पाळी संपली की संध्याकाळी ती दुसऱ्या घरी नेऊन द्यायची. बोलणं बंद असलं तरी किल्ली वेळेवर जाते, हे आमच्याकडं बापजाद्यांपासून चालत आलेलं. हे कुलूप आणलं तेव्हा जादा किल्ल्या भावकीच्या देखत विहिरीत टाकल्या होत्या म्हणे. मी तेव्हा गावात नव्हतो. मी ते कुलूपही कधी बघितलं नव्हतं आणि किल्लीही.

दादाच्या नातवाचं जावळ होतं म्हणून मी गावी गेलो. सगळी भावकी जेवायला बसली होती. वहिनी भाकरी वाढत होती. वाढता वाढता ती थांबली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "माझ्या पाळीत कोनतरी रातचं मोटार चालिवतंय. सकाळी जाऊन हात लावला तर मोटार कोमट लागती. पाणी बी खाली गेल्यालं असतंय."

दादा हसला. "किल्ली तुझ्यापाशी, मग भूत येतंय व्हय मोटार चालू कराया?"

सगळे हसले. आतल्या खोलीतून बायकांचंही हसणं ऐकू आलं. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "नवरा लांब असला की बाईच्या डोस्क्यात कायबाय येतं." वहिनी तशीच उभी, हातात भाकरीची टोपली. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, किल्लीवाला हितंच बसलाय की. त्यालाच इचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी, ज्याने ते कुलूप बघितलेलं नाही, ते कुठल्या जातीचं हेसुद्धा ज्याला माहीत नाही, तो मी, तोंडातला घास गिळून म्हणालो, "वहिनी, त्या कुलपाची दुसरी किल्ली होतच न्हाई. कोरी किल्ली बाजारात मिळत न्हाई तसली. आनि झाली आसती तर मला कळलं नसतं व्हय?" एवढ्यावर थांबायचं की नाही? पण लोक ऐकत होते. मी पुढं म्हणालो, "इहिरीचं पानी आटाया लागलं की मानसाला चोर दिसाया लागतात."

हशा झाला. दादा स्वतः उठून आला आणि माझ्या ताटात रस्सा वाढला. वहिनी पुढच्या पानाकडे गेली. विषय संपला, म्हणजे माझ्यापुरता संपला.

तिच्यापुरता तो तिथून सुरू झाला, हे मला नंतर कळलं. कुणीतरी चुलतभावाला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. त्याने वहिनीला झापलं. भावकीत माझी मान खाली घालायला लावलीस, म्हणाला. किल्लीवाला स्वतः सांगतोय तर तू काय त्याच्यापेक्षा शहाणी का, म्हणाला. गल्लीत तिचं नाव 'कोमट मोटार' पडलं. पाणवठ्यावर, डेअरीवर, कुठेही ती दिसली की कुणीतरी विचारायचं, "काय, आज गार का कोमट?"

पावसाळा संपता संपता ती माझ्या दुकानात आली. सोबत कुणी नव्हतं. पदर नीट डोक्यावरून घेतलेला, हातात कापडी पिशवी. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. ती बसली नाही.

"भावजी, भांडाया आली न्हाई," ती म्हणाली. "मला फकस्त येवढं सांगा, किल्लीवरनं दुसरी किल्ली केली आसंल तर ते वळखाया येतं का?"

"येतं की," मी म्हणालो. माझ्या धंद्याचा प्रश्न होता, आणि कुणी धंद्याचं विचारलं की मी फुलतो. "मशीनमधी धरली की खुना उठतात."

तिने पिशवीतून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. पितळी, काळ्या ग्रीसने माखलेली. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून पेटीच्या कुलपात ग्रीस भरतात, त्यामुळे किल्लीही तशीच होते. मी पेट्रोलचं फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. पुसता पुसताच माझा हात मंदावला. हे काम मी आधी केलं होतं. हीच किल्ली, असंच ग्रीस, हेच फडकं.

उन्हाळ्यात दादा हळदीच्या सौद्याला सांगलीला आला होता. माझ्याकडे चहा घेतला, मुलांना खाऊ दिला, आणि निघता निघता खिशातून एक किल्ली काढली. "गोठ्याची हाय रं. एक जादा करून ठेव. ही कार्टी हरवत्यात." मी पुसली, धरली, आवळली, कापली. एका झटक्यात झाली. तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं होतं, की गोठ्याच्या कुलपाला ग्रीस कोण लावतं? आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण थोरला भाऊ समोर उभा, त्याच्या पिशवीत माझ्यासाठी आणलेली हळद, आणि मी तो विचार फडक्याबरोबर बाजूला टाकला. आणि हेच सगळं पोटात असताना मी जावळाच्या पंगतीत बसून मोठ्या आवाजात साक्ष दिली होती. मला आठवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. आठवू दिलं नव्हतं, हे जास्त खरं आहे.

मी किल्ली उजेडात धरली. अंगावर बारीक रेघांची ओळ होती. मध्ये एक रेघ नव्हती.

तरीही मला खात्री करून घ्यावीशी वाटली, की हे खोटं ठरेल अशी शेवटची आशा होती, कुणास ठाऊक. मी किल्ली मशीनच्या पकडीत ठेवली. नुसती ठेवली, आवळली नाही. रेघा दात्यांवर बरोबर बसल्या. किल्ली आपल्या जुन्या जागी बसली होती.

"रोजच्या वापरानं बी खरचटतं कवा कवा," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडातून कसं बाहेर पडलं ते मला कळलं नाही. इतकी वर्षं लोकांना खोट्या किल्ल्या दिल्या नाहीत म्हणून फुशारकी मारणारा मी, आणि पहिल्याच खऱ्या प्रश्नाला ही माझी मजल.

"मग किल्ली बघून तुमी गप का झालासा?" ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मीही आवाज चढवला असता. ती नुसती वाट बघत होती. मग मी सांगितलं. दुसरी किल्ली झाली आहे. याच मशीनवर झाली आहे. माझ्या हातून झाली आहे. दादाने नेली.

तिने डोळे मिटले आणि काउंटरला हात टेकला. मला वाटलं ती रडणार. ती रडली नाही. "म्हंजी मला याड लागलं न्हवतं," एवढंच म्हणाली, आणि ते मला म्हणाली असंही वाटलं नाही.

दादाला मी पुढे याबद्दल विचारलं, तेव्हा तो जराही ओशाळला नाही. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. बाई माणूस रातचं विहिरीवर जात नाही, म्हणून तिचं पाणी तसंच राहतं, असं त्याचं म्हणणं. "पानी काय इहिरीत ठिवून लोनचं घालायचंय?" तो म्हणाला. मी म्हणालो, मग तिला विचारायचं होतंस. यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादी अगदीच शहरी गोष्ट बोललो होतो. यंदा गूळ आला नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी दुकानात मला काहीतरी करून टाकायची घाई झाली होती. मी मागच्या फळीवरचं एक चांगलं भारी कुलूप काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "वहिनी, हे न्या. आजच बदला. ह्याची किल्ली तुमच्याशिवाय कुनाकडं जायाची न्हाई."

तिने ते हातातही घेतलं नाही. "कुलूप मी कवाच बदललं," ती म्हणाली. "पाळी बदलली की थोरल्या भावजींना नवी किल्ली देती. त्यांनी काय इचारलं बी न्हाई. गप घेत्यात."

"मग..." मी म्हणालो. मग आलात कशाला, असं विचारायचं होतं.

"ह्यांना फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता लावा. म्या सांगितलं तर त्यांचा इस्वास बसत न्हाई. तुमी सांगा."

मी फोन लावला. तिला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून चुलतभावाचा आवाज आला, मोकळा, खुशीतला. "बोल रं गड्या! आज लय दिवसांनी?"

मी सांगितलं. वहिनीसमोर उभं राहून, मान वर न करता सांगितलं. "भाऊ, इहिरीच्या किल्लीची दुसरी किल्ली झाली हुती. उन्हाळ्यात. माझ्याच मशीनवर, दादानं करून नेली. वहिनी म्हनत हुत्या ते खरं हाय. म्या त्या दिशी पंगतीत बोललो ते न बघताच बोललो."

पलीकडे कुणाच्या तरी शिट्टीचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तो मला शिव्या देईल, आणि त्या शिव्यांची मी अगदी मनापासून वाट बघत होतो.

"तू म्हनतोयस म्हंजी खरंच आसनार," तो म्हणाला. "तुजं त्यातलंच काम हाय. आरं पर हिनं मला हे नीट सांगाया नगं? नीट सांगितलं आसतं तर म्या कशाला बोललो आसतो तिला?"

वहिनीने किल्ली उचलली. ती आता कुठल्याच कुलपाची नव्हती, तरी तिने ती पदराच्या टोकात नीट बांधली, पिशवी घेतली आणि पायरी उतरून स्टँडकडे चालू लागली. मी फोन कानाला लावून उभा होतो. भाऊ पलीकडून विचारत होता, हॅलो, हाईस का, लाईन गेली का. तिनं तुला नीटच सांगितलं होतं भाऊ, पहिल्या दिवसापासून नीटच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. ती अजून हाकेच्या अंतरावर होती. मी म्हणालो, "व्हय भाऊ, हाय की. बाकी काय इशेष?"