चुलीवरचं बियाणं

मी आयर्लंडला निघाले त्या सकाळी आईनं माझ्या बॅगेत मक्याची दोन कणसं ठेवली होती. आमचं गाव बिद्रीजवळ. रान सगळं उसाचं, पण विहिरीकडेची एक पट्टी तिच्या मक्याची. पांढरा गावठी मका, मधूनच एखादा जांभळा दाणा. बी तिला तिच्या आईनं शाहूवाडीहून लग्नात दिलेलं. विमानातून असलं काही नेता येत नाही, म्हणून मी कणसं काढून कट्ट्यावर ठेवली. "माती तिथंबी असंल की," एवढंच ती म्हणाली. दादानं गाडी सुरू केली. तिनं कणसं उचलून दोन्ही हातांत धरली होती, त्यामुळं हात हलवला नाही.

डब्लिनच्या हॉस्पिटलात मी छातीच्या वॉर्डात नर्स. शिफ्ट संपली की डब्यातला स्वीटकॉर्न गरम करून खायचे. गोड, ओला, दाताला काही न लागणारा. गावी आई मका जात्यावर भरडून कण्या शिजवायची आणि वर ताक ओतायची. मागं राहिलेल्यांनो, आम्ही इकडं काय काय खातो याचा हेवा करू नका.

व्हिडिओ कॉलवर आईचा खोकला ऐकू यायचा. तसला खोकला मी रोज ऐकत होते, तो माणसाला कुठवर नेतो हेही बघत होते. मी दादाच्या मागं लागले, चूल काढ, गॅस बसव. आई नको म्हणत होती. "धूर हाय म्हणून बी हाय," ती म्हणाली. मला तो हट्ट वाटला. बियाण्यापेक्षा फुप्फुसं मोठी, असं मी तिला ऐकवलं. चूल गेली. खोकलाही गेला.

बियाण्याची कणसं सोलपटांनी बांधून ती चुलीवरच्या वाशाला टांगायची. धुरामुळं त्यांना किडा लागत नसे. पुढच्या पेरणीला तिनं कणसं खाली काढली, तर दाण्यांना भोकं, आत नुसतं पीठ. मूठभर धड दाणे निवडून तिनं लावले. सातच रोपं आली. शेजारी दादानं म्हशींसाठी हायब्रीड मका केला होता. वाऱ्यानं त्याच्या तुऱ्यातले पराग तिच्या कणसांवर उडाले आणि दाणे पिवळे भरले.

हे मला दादानं सांगितलं, तिनं नाही. मी शाहूवाडीच्या मामांना फोन केला. त्यांनी चार गावांत विचारलं. ते बी कुणाकडंच उरलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी घरी गेले. स्वयंपाकघर स्वच्छ, भिंतीला टाइल्स. आईनं दुकानातला मका आणून कण्या केल्या होत्या. माझ्यानं घास उचलेना. माझं चुकलं, असं मी म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ताक वाढत म्हणाली, "चुकलं कशाला? मी हाय की अजून. खा. चव न्हाय, पण गरम हाय."

आम्ही दोघी जेवलो.

इथं कुणी घराविषयी विचारलं की हल्ली मला रान आठवत नाही. पाठ ताठ करून, न खोकता जेवणारी आई आठवते. तिचा श्वास मी वाचवला. तिच्या आईची शेवटची वस्तूही मीच घालवली. घर म्हणजे आता तिच्यासमोर बसून जेवायचं ते माझं ताट, आणि ते मला संपवावंच लागतं.