परक्या गाडीचा फिल्टर

…हां, तर बारा दिवस त्या दोन्ही गाड्या रोज संध्याकाळी अतिक मिस्त्रीच्या दारात लागायच्या, इथवर काल आलो होतो. एक पुण्याहून आलेल्या इंजिनिअर लोकांच्या कंपनीची, दुसरी त्यांच्या वैऱ्याची, म्हणजे समोरच्या कंपनीची, मुद्दाम विकत आणलेली. दिवसभर अंतरवाली सराटीकडच्या कच्च्या रस्त्यांनी दोन्ही पळवायच्या आणि धुळीत कोणाचं इंजिन दमतं ते बघायचं.

अतिक मिस्त्री म्हणजे वडीगोद्रीचा जुना माणूस. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्याचं दुखणं सांगणारा! दारात आलेली गाडी धुळीनं भरलेल्या हवेच्या फिल्टरनिशी परत पाठवणं त्याला जन्मात जमलं नाही.

तेराव्या दिवशी इंजिनिअरांच्या साहेबांनी, कल्याणरावांनी, दोन्ही फिल्टर उघडले. त्यांच्या गाडीचा धुळीनं काळाठिक्कर, वैऱ्याचा चकाचक.

"बघा अक्षता, हवेची वाट अशी आखायची असते, फिल्टरपर्यंत धूळ पोचतच नाही," साहेब म्हणाले. "तुमचं डिझाइन आता बाजूला ठेवू."

अक्षता त्यांच्यातलीच तरुण इंजिनिअर. तिची तीन वर्षं त्या डिझाइनमध्ये गेलेली. रोज सकाळी मिस्त्रीला 'चाचा, चहा घेतला का?' विचारणारी ती पोरगी, आज हायवेकडे तोंड करून उभी राहिली.

मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला. तो आत जाऊन ताटासमोर बसला. अनवरीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "क्या हुआ जी? जेवत का न्हाई?"

"ताट झाकून ठेव."

बाहेर साहेब फोनवर पुण्याला निकाल सांगायला लागले, तेव्हा मात्र मिस्त्री उठला. तीस वर्षांचं नाव होतं त्याचं, पण पाय थांबले नाहीत. "साहेब, फोन ठेवा. तो चकाचक फिल्टर मी साफ केला. रोज."

साहेबांनी फोन कानावरून खाली घेतला. "चाचा, हात लावू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

मिस्त्रीनं अक्षताकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"तुम्ही म्हनले, आमच्या गाडीला हात लावू नका. न्हाई लावला, साहेब. ती दुसरी परक्या घरची, तिला कोनी पुसून न्हाई राह्यलं, म्हनून रोज तिच्या फिल्टरवर हवा मारून धूळ उडवून द्यायलो व्हतो. ताईची मेहनत माझ्या हातानं मेली. अजून बारा दिवस गाड्या पळवा, मी तवर दुकानाला कुलूप लावून चावी ताईपाशी देतो."